अनोळखी फळ नेमकं कधी तोडायचं?

ड्रॅगन फ्रूट पाणचट असतं, पर्सिमॉननं तोंड आवळतं, ब्लॅक सपोटेला चॉकलेटची चव असते म्हणणारे थापा मारतात, अशी मतं नेहमी कानावर येतात. यातलं तिसरं बऱ्यापैकी खरं आहे, त्याकडे पुढे येऊच. पहिली दोन मात्र फळाबद्दल कमी आणि ते कोणत्या दिवशी तोडलं याबद्दल जास्त सांगतात. ओळखीच्या फळाच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. लहानपणापासून बघून, दाबून, हुंगून पिकलेलं आणि न पिकलेलं यातला फरक हाताला आपसूक कळतो. परक्या मुलखातून आलेल्या झाडाबद्दल ही समज आपल्याजवळ नसते. रोप कसं लावायचं, पाणी किती घालायचं याची माहिती हवी तेवढी मिळते. पाच-सहा वर्षं जपल्यावर फळही धरतं. आणि मग ते आठ दिवस आधी तोडून आपण ‘काही खास नाही’ म्हणून मोकळे होतो.

खरं तर असं झाड घरी लावण्याचा मोठा फायदा याच आठ दिवसांत आहे. विक्रीचं फळ प्रवास झेपेल अशा बेतानं, थोडं कच्चं असताना काढलं जातं. घरच्या झाडाला कुठे पोचायचं नसतं. जाबुटिकाबाचंच बघा. ब्राझीलचं हे झाड, फळं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडाला लगडतात, काळीभोर आणि टपोरी. पण तोडल्यावर तीन-चार दिवसांत ती आंबायला लागतात. अशा फळाचा लांबचा व्यापार जमणं कठीणच. ज्याला ते ताजं खायचंय त्यानं झाड लावावं, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मैत्री करावी.

पिकताना आत काय चालतं

झाडाच्या दृष्टीनं फळ म्हणजे बी दूर पोचवण्याचा उपाय. बी कच्चं असताना कोणी फळ खाल्लं तर झाडाची मेहनत फुकट, म्हणून तोवर फळ हिरवं, टणक, आंबट, तुरट आणि काही वेळा चक्क विषारी असतं. बी जून झालं की सगळा नूर पालटतो. आम्ल कमी होतं, साखर वाढते, पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळून गर मऊ पडतो, हरितद्रव्य मोडून पिवळे-तांबडे रंग वर येतात आणि वास सुटतो.

घोळ असा, की हे सगळे बदल एकाच दिवशी होत नाहीत आणि प्रत्येक फळात त्यांचा क्रमही वेगळा असतो. जाबुटिकाबा काळं पडतं तेव्हा ते पिकलंय असं वाटतं, पण रंग चढल्यावर पूर्ण गोडी यायला आणखी काही दिवस लागतात. ड्रॅगन फ्रूटची साल फुलानंतर साधारण महिन्याभरात हिरव्याची लाल होते, तिथेही तीच गत. उलट फेजोआ नावाच्या दक्षिण अमेरिकी फळाची साल पिकल्यावरही हिरवीच राहते. रंगावर भरवसा ठेवणाऱ्याला हे फळ कधी कळणारच नाही.

आता या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. तोडल्यानंतर पुढे काय होणार, यावरून फळांचे दोन गट पडतात. १९२५ मध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट हे संशोधक सफरचंदांवर काम करत होते. पिकायला लागताना फळाचा श्वासोच्छ्वास एकदम उसळी मारतो असं त्यांना दिसलं. या उसळीला त्यांनी ‘क्लायमॅक्टेरिक’ असं नाव दिलं. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं, की पिकणारी सफरचंदं स्वतःच इथिलीन वायू सोडतात. हा वायू फळाला पिकण्याचा इशारा देतो, फळ पिकताना आणखी वायू सोडतं, तो पुन्हा आजूबाजूच्या फळांना पिकवतो. पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवलेलं कच्चं फळ लवकर पिकतं ते यामुळेच.

असं इथिलीनच्या इशाऱ्यावर पिकणाऱ्या फळांचा पहिला गट. त्यातल्या बऱ्याच फळांनी साखरेची बेगमी स्टार्चच्या रूपात आधीच करून ठेवलेली असते. झाडापासून तुटल्यावरही त्या साठ्याची साखर होत राहते. केळ्याचं उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं आहे. चेरिमोया आणि मामफळ ही सीताफळाच्या कुळातली फळंही अशीच. ती जून झाली की टणक असतानाच तोडून घरात पिकवता येतात. पॅशन फ्रूट, फेजोआ, मँगोस्टीन आणि ब्लॅक सपोटेही याच गटातली.

दुसऱ्या गटात तशी शिल्लक नसते. साखर पानांमध्ये तयार होते आणि देठातून रोजच्या रोज फळात येते. देठ तुटला की आवक बंद. ड्रॅगन फ्रूट, जाबुटिकाबा, लिची, रामबुतान, डाळिंब, द्राक्षं आणि लिंबू-संत्र्याचं अख्खं कुळ या गटात येतं. ही फळं तोडून ठेवली तर मऊ पडतील, सुरकुततील, सडतील, पण गोड होणार नाहीत. पाणचट ड्रॅगन फ्रूटचं कोडं इथे सुटतं. दूर पाठवायचं म्हणून ते साल लाल होताच काढलेलं असतं, आणि नंतर कितीही थांबलं तरी त्यात साखरेचा कणही वाढत नाही. वेलीवर आणखी काही दिवस राहिलं असतं तर तेच फळ बरंच गोड झालं असतं. अर्थात फार लांबवलं तर ते उकलतं आणि मुंग्या-पाखरं आपल्या आधी पोचतात.

दोन अपवाद ठाऊक असलेले बरे. खरबूज इथिलीनवर पिकतं, पण त्यात स्टार्चचा साठा नसतो. त्यामुळे तोडल्यावर ते मऊ आणि सुवासिक होतं, गोडी मात्र तोडली तेवढीच राहते. आणि अ‍ॅव्होकॅडो झाडावर असेपर्यंत पिकतच नाही. तो महिनोन्‌महिने टणक लटकत राहतो आणि तोडल्यावरच मऊ व्हायला लागतो. झाडावर मऊ होण्याची वाट बघत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

प्रत्येकाची खूण वेगळी

नवं रोप आणताना त्याच्या खतापाण्याची चौकशी करतो, तशीच त्याच्या पिकण्याच्या खुणेचीही करावी. काही झाडं हा प्रश्न स्वतःच सोडवतात. पॅशन फ्रूट पिकलं की गळून पडतं. वेलीवरून ओढून काढायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. पडल्यावर दोन-चार दिवसांनी साल सुरकुतते, ते खराब झालंय असं समजून लोक टाकून देतात. वास्तविक आतला आंबटपणा तेव्हा निवळलेला असतो आणि खायला तीच वेळ चांगली. रसभरीचंही तसंच. फळाभोवतीचं आवरण हिरव्याचं कागदासारखं कोरडं, गवती रंगाचं होतं आणि फळ आवरणासकट पडतं. आतलं फळ नारिंगी-पिवळं झालेलं नसेल तर खाऊ नये. रसभरी बटाटा-टोमॅटोच्या कुळातली आहे, तिच्या कच्च्या फळात त्रासदायक द्रव्यं असतात.

फेजोआ हिरवाच राहतो म्हटलं, मग कळायचं कसं? तोही गळतो. शंका असेल तर आडवा कापून बघा. मधला जेलीसारखा भाग पांढरट असेल तर कच्चा, काचेसारखा पारदर्शक असेल तर बरोबर, तपकिरी असेल तर उशीर झाला. कापून बघायला एक फळ खर्ची पडतं, पण बाकीच्या फळांचा अंदाज येतो. मँगोस्टीनच्या बुडाशी फुलासारखी छोटी नक्षी असते. तिच्या जितक्या पाकळ्या, तितक्याच पांढऱ्या फोडी आत. पिकण्याशी याचा संबंध नाही, पण मँगोस्टीन हातात आलं आणि पाकळ्या मोजल्या नाहीत असा माणूस मी पाहिलेला नाही.

ब्लॅक सपोटेला सगळीकडे ‘चॉकलेट पुडिंगचं फळ’ म्हणून मिरवलं जातं. रंग आणि मऊपणा तसा आहे, हे मान्य. चव मात्र सौम्य, किंचित गोड, बरीचशी तटस्थ. चॉकलेटची अपेक्षा ठेवून खाल्लं तर निराशाच होणार. अपेक्षा बाजूला ठेवली आणि थोडं लिंबू पिळलं तर ते बरंच चांगलं लागतं. देठाजवळची टोपी फळाला चिकटून असेपर्यंत थांबायचं आणि ती वर उचलली गेली की तोडायचं. घरात ठेवल्यावर ते अगदी लिबलिबीत होऊ द्यायचं. बाहेरून हे फळ नासल्यासारखं दिसतं, तेव्हा ते खाण्याजोगं झालेलं असतं. कच्चा गर कडू असतो आणि तोंडाची आग करतो.

मॉन्स्टेरा: एकच फळ, आठवडाभर

मोठमोठ्या भोकांच्या पानांसाठी घराघरात कुंडीत दिसणारी मॉन्स्टेरा डेलिसिओसा खाण्याजोगं फळ देते, हे अनेकांना ठाऊक नसतं. कुंडीत, सावलीत ती क्वचितच फुलते. जमिनीत, झाडावर चढायला मिळालं तर फुलते, आणि फुलापासून फळ तयार व्हायला वर्षाहून जास्त काळ घेते. फळ मक्याच्या कणसासारखं लांबट, पण सगळ्या अंगावर हिरव्या षटकोनी खवल्यांचं चिलखत.

कच्च्या फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक खच्चून भरलेले असतात. घाईनं चावा घेतला तर जीभ, गाल, घसा सगळीकडे टोचल्यासारखं होतं आणि ही आग बराच वेळ राहते. पिकताना हे स्फटिक निष्प्रभ होत जातात, पण सगळीकडे एकदम नाही, देठापासून टोकाकडे थोडेथोडे. म्हणूनच हे फळ एका बैठकीत संपवता येत नाही.

करायचं ते असं. देठाकडचे खवले सैल होऊन त्यांच्या फटींतून पिवळसर रंग दिसू लागला, की देठ ठेवून फळ कापायचं. देठाची बाजू खाली करून ते उंच भांड्यात उभं करायचं, वर कागद गुंडाळायचा. रोज पाहायचं. जे खवले नुसत्या बोटाच्या स्पर्शानं गळतील, त्यांच्या खालचाच गर खायचा. जे चिकटून आहेत त्यांना नखानं उचकटायचं नाही. आज दोन बोटं, उद्या आणखी दोन, असं करत फळ संपायला आठवडाभर लागू शकतो. गर मलईसारखा मऊ, चव अननस आणि केळं यांच्या मधली. गरावर काळे बारीक ठिपके राहतात, ते फुलाचे अवशेष. त्यांनीही काहींच्या तोंडाला चुरचुरतं, म्हणून ते पाण्याखाली चोळून काढलेले बरे.

ज्यांना धीर नाही त्यांनी या फळाच्या वाटेला जाऊ नये. ही चेष्टा नाही. अशा फळांबद्दलच्या बहुतेक तक्रारी पहिल्याच दिवशी अख्खं फळ सोलणाऱ्यांच्या असतात.

तोंड आवळणारं पर्सिमॉन

पर्सिमॉन हे टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. त्याचे ढोबळ दोन प्रकार. फुयूसारखे प्रकार झाडावरच तुरटपणा सोडतात आणि टणक असतानाच सफरचंदासारखे कापून खाता येतात. हाचियासारखे प्रकार रंगानं पूर्ण नारिंगी झाले तरी तुरटच असतात, अगदी मऊ लिबलिबीत होईपर्यंत.

तुरट ही गोड-आंबटासारखी चव नाही, तो स्पर्शाचा प्रकार आहे. फळातली विरघळणारी टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांच्या गाठी करतात. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडाच्या आतली कातडी कोरडी, खरखरीत वाटते. पिकताना ही टॅनिनं नाहीशी होत नाहीत. ती एकमेकांना जोडून इतकी मोठी होतात की विरघळतच नाहीत, आणि न विरघळणारं टॅनिन लाळेला काही करू शकत नाही. म्हणजे टॅनिन तेवढंच असतं, जिभेला मात्र ते लागत नाही.

हे जोडण्याचं काम फळात तयार होणारं असिटाल्डिहाइड करतं, आणि ते मुद्दाम वाढवता येतं. फळं कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद पिशवीत ठेवली की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. मग ती मद्य तयार होतं त्या मार्गानं श्वसन करू लागतात आणि वाटेत असिटाल्डिहाइड तयार होतं. फळ टणकच राहतं, तुरटपणा जातो. घरी सोपा उपाय पिकलेल्या केळ्यासोबत बंद डब्यात ठेवण्याचा. त्यानं फळ लवकर मऊ पडतं आणि मऊ पडता पडता तुरटपणाही जातो.

चव बघून ओळख पटवू नये

कच्चेपणी विषारी असणाऱ्यांत सगळ्यात गंभीर प्रकरण अ‍ॅकीचं. मूळ पश्चिम आफ्रिकेचं हे फळ आज जमैकाचं राष्ट्रीय फळ आहे. झाडावर ते आपणहून उकलून आतल्या काळ्या बिया दिसू लागेपर्यंत त्यात हायपोग्लायसिन हे द्रव्य भरपूर असतं. ते शरीराची साखर तयार करण्याची यंत्रणाच अडवतं. उलट्या, बेशुद्धी आणि मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते. उकललेल्या फळातलाही फक्त पिवळट मांसल भाग खायचा. बिया आणि लालसर पडदा टाकून द्यायचा. हौशी बागेत हे झाड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच नाही.

कमरख म्हणजेच स्टारफ्रूटची गोष्ट निराळी. निरोगी माणसाला ते चालतं, पण ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत त्यांना एखादं फळही महागात पडू शकतं. न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी आहेत. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखलं. पाहुण्यांना कौतुकानं फळ कापून देण्याआधी एवढं विचारायला हरकत नाही. मामफळ आणि त्याच्या भाऊबंदांच्या बियाही गिळू किंवा वाटू नयेत, त्या विषारी असतात.

आणि हे सगळं झाड कोणतं ते नक्की ठाऊक असताना. नाव ठाऊक नसलेल्या झाडाचं फळ ‘थोडंसं चाखून बघू’ हा प्रकार करायचाच नाही. कडू लागलं नाही म्हणजे बिनविषारी, असा कुठलाही नियम निसर्गात नाही.

पण आधी फळ धरायला हवं

दुर्मिळ फळांच्या वाळवून पाकिटात भरलेल्या बिया विकत घेण्याआधी थांबा. मँगोस्टीन, रामबुतान, लिची, फणस, ड्युरियन यांच्या बिया वाळल्या की मरतात. फळातून काढल्यावर ओलसर ठेवून लगेच पेरल्या तरच रुजतात. कोरड्या पाकिटातलं मँगोस्टीनचं बी म्हणजे पैसे पाण्यात.

रुजलं तरी वाट लांबची असते. बियाणाचं झाड आधी बालपण काढतं आणि त्या काळात कितीही खत घातलं तरी फुलत नाही. जाबुटिकाबाला बियाणापासून आठ-दहा वर्षं सहज लागतात, मँगोस्टीनलाही जवळपास तेवढीच. कलम लवकर फळतं, कारण त्याची फांदी फळत्या झाडाची असते. तिचं बालपण कधीच सरलेलं असतं. कलमाचा दुसरा फायदा म्हणजे चवीची खात्री. बहुतेक फळझाडांचं बी हे दोन पालकांची नवी सरमिसळ असते, गोड फळाच्या बीतून आंबट झाड निघू शकतं. मँगोस्टीन याला अपवाद. त्याचं बी परागाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं.

फुलं येऊन फळ न धरणं ही नेहमीची रड, आणि तिचं कारण बहुधा परागीभवनात सापडतं. ड्रॅगन फ्रूटचं वीतभर फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि सकाळी उन्हं चढेपर्यंत मिटतं. त्याच्या मूळ प्रदेशात पतंग आणि वटवाघळं हे काम करतात. दुसरीकडे ते आपल्यालाच रात्री उठून करावं लागतं. बऱ्याच प्रकारांना स्वतःचा पराग चालत नाही, वेगळ्या प्रकाराचा लागतो. म्हणून दोन निरनिराळे वेल हवेत. एकाच वेलाच्या दहा फांद्या लावून उपयोग नाही, त्या सगळ्या मिळून एकच झाड.

पिवळ्या पॅशन फ्रूटचीही तीच अडचण. त्याचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं, जांभळ्याचं पहाटे. जांभळ्याला स्वतःचा पराग चालतो, त्यामुळे एकच वेल लावायचा असेल तर जांभळा बरा. चेरिमोयाचं फूल तर उमलताना मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर होतं. एकाच फुलात दोन्ही वेळा जुळत नाहीत. मग दुपारी नर अवस्थेतल्या फुलांचा पराग छोट्या डबीत झटकून गार जागी ठेवायचा आणि दुसऱ्या सकाळी अर्धवट उमललेल्या फुलात मऊ कुंचल्यानं चहूबाजूंनी लावायचा. एकाच बाजूला लागला तर फळ त्या बाजूनंच फुगतं, वाकडंतिकडं होतं.

मातीबद्दल फार लिहीत नाही. एकच गोष्ट सांगतो. ब्लूबेरी आणि मिरॅकल बेरी यांना आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास. मातीत चुना जास्त असेल किंवा पाणी जड असेल तर लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. अशा वेळी खत वाढवून काही होत नाही. मोठ्या कुंडीत हवी ती माती करून, पावसाचं पाणी साठवून घालणं जास्त सोपं.

फळ बेचव निघण्याची कारणंही बरीचशी झाडावरच असतात. साखर पानं बनवतात, त्यामुळे कोवळ्या झाडावर फळं जास्त राहू दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते. निम्मी लहान असतानाच खुडून टाकावीत. जिवावर येतं, पण करावं. सावलीत वाढलेलं फळ कमी गोड होतं. पिकायच्या बेताला भरपूर पाणी मिळालं तर रस पातळ होतो आणि फळ तडकतं.

चाखताना

फूल उमललं त्या दिवशी देठाला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा. फळं तयार होऊ लागली की एक पहिल्या खुणेला, एक त्यानंतर तीन दिवसांनी, एक आणखी तीन दिवसांनी तोडून चाखा. एका हंगामात तुमच्या झाडाचं, तुमच्या हवेतलं वेळापत्रक हाती येतं. असं वेळापत्रक कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

फळ फ्रिजमधून काढून लगेच चाखू नका. गोडीचा संदेश पुढे नेणारी जिभेवरची एक प्रथिनवाहिनी गारव्यात मंदावते, हे २००५ मध्ये सिद्ध झालंय. तेच फळ खोलीच्या तापमानाला आलं की जास्त गोड लागतं. पहिला घास नाक दाबून घ्या आणि चावता चावता नाक सोडा. दाबलेल्या नाकानं फक्त गोड, आंबट, कडू एवढंच कळतं. सोडल्यावर जे काही एकदम भरून येतं तो वास, घशामागून नाकात गेलेला. फळाची आपण म्हणतो ती ‘चव’ बरीचशी तिथेच असते. ड्रॅगन फ्रूट मधोमध जास्त गोड असतं, अननस बुडाशी. एका टोकाच्या फोडीवरून निकाल देऊ नये.

साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र येतं. रसाचे दोन थेंब टाकायचे आणि ब्रिक्सचा आकडा वाचायचा. एक अंश ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणात ढोबळ एक ग्रॅम साखर. एकाच झाडाची फळं एकमेकांशी ताडून बघायला ते उत्तम. वेगवेगळ्या फळांच्या तुलनेत मात्र फसवतं, कारण विरघळलेलं आम्लही त्याच आकड्यात धरलं जातं. लिंबाच्या रसाचाही सात-आठ ब्रिक्स येतो.

आकडा काहीही असला तरी जिभेलाच चकवणारं एक फळ आहे, मिरॅकल बेरी. पश्चिम आफ्रिकेतलं हे लहान, लाल, एका बीचं फळ स्वतः फार गोड नाही. त्याचा पातळ गर मिनिटभर तोंडात घोळवला आणि नंतर लिंबू चोखलं तर ते साखर घातल्यासारखं लागतं. १९६८ मध्ये केन्झो कुरिहारा आणि लॉइड बायडलर यांनी त्यातलं प्रथिन वेगळं काढलं, त्याचं नाव मिरॅक्युलिन. ते जिभेवरच्या ग्राहीला, म्हणजे गोडी ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटून बसतं. तोंडात आम्ल नसेल तोवर गप्प असतं. आम्ल आलं की त्याचा आकार बदलतो आणि ग्राही गोडीचा संदेश पाठवू लागतो. परिणाम अर्ध्या तासापासून तास-दीड तासापर्यंत टिकतो.

झाड हळू वाढतं, पण कुंडीत राहतं आणि फूटभर उंचीपासून फळायला लागतं. फळ पूर्ण लाल आणि बोटाला किंचित मऊ लागलं की तोडून त्याच दिवशी खावं. ठेवायचंच असेल तर गर काढून गोठवावा. उकळून मुरांबा करायला जाल तर प्रथिन उष्णतेनं मोडतं आणि करामत संपते. या खेळात लिंबं एकामागून एक चोखत सुटू नये. जिभेला गोड लागलं तरी आम्ल कुठे गेलेलं नसतं, दातांना आणि पोटाला ते तेवढंच लागतं.